मधला आकडा

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन ६४-बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) अनसाइन्ड, म्हणजे वजा न होणाऱ्या, पूर्णांकांचा गुणाकार केला, की उत्तराचे वरचे ६४ बिट गुपचूप गळून पडतात. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, प्रोग्राम आपला पुढे चालत राहतो. भाषेचा नियमच तसा आहे: उत्तराला २ च्या ६४व्या घाताने भागायचं आणि बाकी तेवढी हातात द्यायची. संख्या साइन्ड, म्हणजे वजाही होऊ शकणाऱ्या, असतील तर एवढीही हमी नाही. तिथे ओव्हरफ्लो झाला, म्हणजे उत्तर मावलं नाही, तर पुढे काय होईल याची जबाबदारी भाषा घेतच नाही. गंमत अशी, की बहुतेक मोठ्या प्रोसेसरांना पूर्ण १२८ बिटांचं उत्तर काढता येतं. टेबलावरच्या संगणकांतल्या एक्स८६-६४ प्रोसेसराचा गुणाकाराचा आदेश दोन रजिस्टरांत, म्हणजे संख्या ठेवायच्या खणांत, मिळून अख्खं उत्तर ठेवतो. ६४-बिट एआरएममध्ये वरचा अर्धा भाग मागायला वेगळा आदेश आहे, रिस्क-फाइव्हमध्येही आहे. यंत्र द्यायला बसलंय, पण ते मागायला साध्या सीमध्ये शब्दच नाही.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत पाण्याच्या मीटरांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारं सॉफ्टवेअर, लिहितो. पाइपातून, कालव्यातून किती पाणी गेलं ते मोजणारी ही यंत्रं. त्यांच्या पोटात पूर्णांक गणिताची एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, बसते: दुप्पट रुंदीच्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि शेवटी छपाई. घरी कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. इंजिनिअरिंग करून पोरगं बेरीज-वजाबाकी करतंय, असा तो चेहरा असतो. त्यांचं अगदीच चुकत नाही.

पाणी मोजायला एवढे बिट कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणी रेल्वे आली, तेव्हा तिच्या १० वॅगनींत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० वॅगनींची गाडी सुरू झाली, फेरीला सुमारे २५ लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला, त्यांना लिटर हे केवढं मोठं माप असतं ते सांगायला नको. दुसऱ्या टोकाला पैठणचं जायकवाडी. उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे २,१७,१०० कोटी लिटर. एकच मीटर, एकच व्हेरिएबल, आणि त्याला ही दोन्ही टोकं झेपली पाहिजेत.

३२-बिट अनसाइन्ड संख्या ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाते. लिटरमध्ये मोजलं तर जेमतेम ४.२९ दलघमी. जायकवाडीचं पाणी असल्या मीटरमधून सोडलं, तर आकडा पाचशेहून जास्त वेळा भरून शून्यावर येईल. ६४ बिट घेतले की चित्रच बदलतं. लिटर सोडा, मिलिलिटरमध्ये मोजलं तरी तसली जवळजवळ साडेआठ हजार धरणं एका व्हेरिएबलमध्ये मावतात. आपल्या जुन्या मोजणीतलं शेवटचं स्थान परार्ध, १ वर १७ शून्यं. ६४-बिट संख्या १८४ परार्धांपर्यंत जाते. तेवढं पाणी मराठवाड्याच्या वाट्याला कधी येणार नाही, वरच्या धरणांनी कितीही सोडलं तरी.

तेव्हा साठवायला ६४ बिट पुरून उरतात. अडतं ते हिशेब करताना.

प्रत्येक मीटरला कारखान्यात तपासणीनंतर एक दुरुस्तीचा गुणक दिला जातो. एकाच्या आसपासचा असतो, समजा ०.९९७३. तो अपूर्णांक म्हणून ठेवायचा नाही असं ठरवलं, तर २ च्या ३२व्या घाताने गुणून पूर्णांक म्हणून ठेवतात. वाचन गुणिले गुणक, भागिले २ चा ३२वा घात. उत्तर पुन्हा वाचनाच्याच मापाचं, ६४ बिटांत निवांत बसणारं. पण गुणाकार झाल्यावर आणि भागाकार व्हायच्या आधी एक आकडा जन्माला येतो. जायकवाडीचे मिलिलिटर धरले तर तो ८३ बिटांचा असतो. हा आकडा मीटरच्या पडद्यावर दिसत नाही, बिलावर येत नाही, कुठे साठवलाही जात नाही. त्याच्यासाठी ही सगळी लायब्ररी.

माझे आजोबा जालन्याच्या मोंढ्यात आडतीच्या दुकानावर दिवाणजी होते. त्यांची हिशेबाची रीत आणि माझी रीत एकच. भाव आजकालचा धरून सांगतो: सोयाबीन ३७ क्विंटल ४५ किलो, क्विंटलला ४,८७५ रुपये. आजोबांच्या रीतीने ३,७४५ गुणिले ४,८७५, म्हणजे १,८२,५६,८७५, आणि मग शंभराने भागून १,८२,५६८ रुपये ७५ पैसे. पट्टीवर लिहिली जाते ती शेवटची रक्कम. पावणेदोन कोटींच्या वरचा तो मधला आकडा ना शेतकऱ्याने पाहिला, ना मालकाच्या गल्ल्यात कधी होता. पावकी, निमकी, औटकी पाठ असल्याने आजोबा तो कागदावरही क्वचितच उतरवत. आता पूर्णांकात राहून आधी भागा: ३,७४५ भागिले १०० म्हणजे ३७, वरचे ४५ किलो गेले, आणि रक्कम येते १,८०,३७५. शेतकऱ्याचे २,१९३ रुपये ७५ पैसे हवेत. मोंढ्यात असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत दुकानापुढे माणसं जमली असती. मीटरमध्ये कुणी जमत नाही, एवढाच फरक.

"मग फ्लोट वापरा ना," हे ऐकून ऐकून कान किटले. फ्लोट म्हणजे दशांशचिन्हाच्या संख्या ठेवायचा प्रकार. वापरतात लोक, आणि बऱ्याच ठिकाणी ते ठीकही असतं. पण ३२-बिट फ्लोटमध्ये नेमकेपणाला २४ बिट असतात. त्यात एकेक लिटर मिळवत गेलात, की १,६७,७७,२१६ वर आकडा थांबतो. त्यात एक मिळवलं तरी तेच, पुन्हा मिळवलं तरी तेच, कारण पुढची संख्या त्या रचनेत लिहिताच येत नाही. लातूरच्या ५० वॅगनींच्या गाडीचं पाणी असं मोजायला बसला असता, तर सातव्या फेरीत मीटर मुका झाला असता आणि पाणी वाहतच राहिलं असतं. डबल, म्हणजे त्याचाच ६४-बिट भाऊ, घेतलं तर ५३ बिट मिळतात, अडचण खूप लांब जाते. पण माझ्या मीटरमधल्या चिपला फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअरच नाही. शिवाय मीटरमधला हिशेब आणि ऑफिसातल्या संगणकावरचा हिशेब शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा, नाहीतर पाण्याच्या बिलावर कोणाचा आकडा खरा यावरून भांडण ठरलेलं. आमच्या भागात पाण्यावरून भांडायला वेगळं निमित्त लागत नाही. जायकवाडी किती टक्के भरलं, यावर नाशिक-नगरकडून पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. आणि टक्केवारी काढताना तरी काय करतो आपण? साठा गुणिले शंभर, भागिले क्षमता. तिथेही एक मधला आकडा आहेच.

ती चिप म्हणजे एआरएमच्या छोट्या, ३२-बिट कॉर्टेक्स-एम० जातीची. तिला ३२ बिट गुणिले ३२ बिट करता येतं, पण उत्तराचे खालचे ३२ बिटच मिळतात. वरचे मागायची सोय नाही. भागाकाराचा तर आदेशच नाही. सी मध्ये भागाकाराचं चिन्ह लिहिलं, की कंपायलर, म्हणजे सीचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, मुकाट्याने एका फंक्शनला हाक मारतो. म्हणजे तिथे ६४ बिट हीच दुप्पट रुंदी, आणि १२८ म्हणजे दुप्पटीची दुप्पट. तीच लायब्ररी ऑफिसच्या ६४-बिट संगणकावर सिम्युलेटरमध्येही चालली पाहिजे. म्हणून रचना साधी ठेवायची: वरचा अर्धा, खालचा अर्धा, दोन्ही अनसाइन्ड. अनसाइन्ड का, तर गुंडाळून शून्यावर येण्याची हमी फक्त त्यांनाच आहे, आणि हातचा ओळखायचा तो त्या गुंडाळण्यावरूनच.

बेरीज सोपी वाटते. दोन संख्या मिळवल्या आणि बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान निघाली, तर हातचा एक. लहान का निघावी? कारण काठ ओलांडून पुन्हा शून्यापासून सुरू झाली. कंपायलर चांगला असेल तर ही तुलना ओळखून तो थेट प्रोसेसरच्या कॅरी फ्लॅगवर, म्हणजे हातच्याची खूण ठेवणाऱ्या बिटवर, उतरवतो. इथवर सगळं गोड. संख्या दोनच्या जागी तीन तुकड्यांची झाली, की मधल्या तुकड्यात आधीचा हातचाही मिळवावा लागतो, आणि इथे फसवणूक आहे. समजा आपल्या रजिस्टरात दशमान पद्धतीचे दोनच अंक मावतात, ९९ पर्यंत. ५७ अधिक ९९ अधिक हातचा १. खरं उत्तर १५७, रजिस्टरात उरले ५७. आता विचारा: बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आहे का? ५७ हे ५७ पेक्षा लहान नाही. हातचा नाही, असा निष्कर्ष निघतो, आणि शंभर गायब. इलाज एका ओळीचा: बेरीज दोनदा करायची, दोन्ही वेळा तपासायचं, आणि दोनपैकी कुठेही हातचा आला तरी धरायचा. दोन्हीकडून एकदम तो येऊच शकत नाही. ही चूक नावाजलेल्या कोडमध्येही सापडते, कारण ती उघडी पडायला एक तुकडा सगळाच्या सगळा एकांनी भरलेला असावा लागतो आणि त्याच वेळी खालून हातचा यावा लागतो. रोजच्या आकड्यांत असा योग येत नाही.

गुणाकार हा माझा आवडता भाग आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

६४ बिटांचे दोन अर्धे करा, ३२-३२ चे. दुसऱ्या संख्येचेही तसेच. आता खालचा गुणिले खालचा, दोन तिरपे गुणाकार, आणि वरचा गुणिले वरचा, असे चार गुणाकार. प्रत्येकाचं उत्तर ६४ बिटांत मावतं. मग आपापल्या स्थानी सरकवून बेरीज. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत १३५ ला १२ ने गुणायचं उदाहरण आहे, आणि ते सोडवायच्या रीतींपैकी एक नेमकी हीच आहे: गुणकाची स्थानं वेगळी करा, प्रत्येकाने गुणा, स्थान राखून मिळवा. १३५ गुणिले १, त्याखाली एक घर सरकवून १३५ गुणिले २, बेरीज १,६२०. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव देवगिरीच्या यादवांकडे ज्योतिषी होते, आणि देवगिरी म्हणजे आमचा दौलताबाद, ऑफिस सुटल्यावर दुचाकीवर जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर. म्हणून कंपायलरचा शोध किल्ल्यावर लागला असा फॉरवर्ड कृपया कुणी करू नये. तुकडे पाडून गुणायची युक्ती जगात अनेकांनी वापरली आहे. पाटीवर गणित करणाऱ्याला एक सुख मात्र होतं: हातचा कितीही मोठा झाला तरी तो मांडायला शेजारी जागा असायची. माझ्या रजिस्टराला शेजार नाही.

पुन्हा तेच दोन अंकी रजिस्टर घ्या, आणि सगळ्यात वाईट उदाहरण: ९९ गुणिले ९९. चारही गुणाकार ८१. खालच्या ८१ चा १ लिहिला, हातचे ८. आता मधलं स्थान: दोन तिरपे ८१ आणि हातचे ८, बेरीज १७०. रजिस्टर ९९ वर संपतं. म्हणजे दुप्पट रुंदीचा गुणाकार करायला निघालो आणि त्याच्याच मधल्या बेरजेला जागा पुरेना. ज्यांनी हे पहिल्यांदा स्वतः लिहिलं त्यांतले पुष्कळजण इथे अडखळतात, कारण छोट्या आकड्यांवर सगळं बरोबर येत असतं.

तोड अशी. एकदम मिळवू नका. पहिल्या तिरप्या ८१ मध्ये हातचे ८ मिळवा: ८९. मावलं. त्याचा ९ बाजूला, ८ पुढच्या स्थानासाठी राखून. आता दुसऱ्या तिरप्या ८१ मध्ये तो ९ मिळवा: ९०. हेही मावलं. ० मधल्या स्थानी लिहिला, ९ पुढे. वरच्या ८१ मध्ये राखलेले ८ आणि ९: ९८. उत्तर ९,८०१. कुठेही काठ ओलांडला नाही. आणि हे नशिबाने नाही. एका अंकाची सगळ्यात मोठी किंमत ९. त्यांचा गुणाकार ८१. त्यात आणखी एक अंक मिळवा, ९०. आणखी एक मिळवा, ९९. बरोबर काठोकाठ, एकसुद्धा जास्त नाही. अंक ३२ बिटांचा असला तरी तेच: सगळ्यात मोठा गुणाकार, अधिक दोन सगळ्यात मोठे अंक, म्हणजे नेमके ६४ एकांनी भरलेलं रजिस्टर. हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी उठून चहा प्यायला गेलो होतो. इतकं नेटकं काही निघालं की लगेच पुढची ओळ लिहवत नाही.

परभणीचा एक पोरगा नुकताच आमच्याकडे लागलाय. माझं हे कागदकाम बघून म्हणाला, "सर, एवढं कशाला करायलात? जीसीसीत इंट१२८ आहे की." आहे. नावाआधी दोन अंडरस्कोर लावून लिहायचा तो १२८-बिट पूर्णांकाचा प्रकार जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आहे, आणि जिथे आहे तिथे मी तोच वापरतो. हाताने लिहिलेला गुणाकार त्याच्याशी वेगात बरोबरी करणार नाही. पण तो फक्त ६४-बिट यंत्रांवर मिळतो, माझ्या चिपवर नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये तो प्रकार नाही. तिथे गुणाकाराला आणि हातच्यासह बेरजेला वेगळी खास फंक्शनं आहेत. सी२३ या सीच्या नव्या आवृत्तीने हव्या तेवढ्या बिटांचा पूर्णांक प्रमाणभाषेत आणलाय, पण चिप बनवणाऱ्याने जो कंपायलर हातात दिला आहे तो त्या गावाला अजून पोचलेला नाही. म्हणून एकाच फंक्शनचे तीन अवतार: जीसीसीचा, मायक्रोसॉफ्टचा, आणि जिथे कुणीच नाही तिथे हाताने लिहिलेला. तिसरा सगळ्यात कमी चालतो आणि सगळ्यात जास्त तपासावा लागतो. मी तर ऑफिसच्या संगणकावरही रात्रीच्या चाचण्यांना तोच सक्तीने चालवतो, म्हणजे तो गंजत नाही.

भागाकाराचं प्रकरण वेगळं. तिथे थेट रीत नाही, शाळेसारखाच अंदाज बांधावा लागतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथमालेच्या १९६९ च्या दुसऱ्या खंडात हे 'अल्गोरिदम डी' म्हणून मांडलं, आणि आजही बहुतेक लायब्रऱ्यांत तेच सापडतं. भाजकाच्या पहिल्या अंकाने भागून अंदाज करायचा. पण पहिला अंक लहान असला की अंदाज भरकटतो. १०० भागिले १९ घ्या. १० भागिले १ म्हणजे १०, आणि खरं उत्तर ५. आता दोघांनाही पाचाने गुणा: ५०० भागिले ९५. ५० भागिले ९ म्हणजे ५. लागलीच बरोबर. भाजकाचा पहिला अंक निम्म्याच्या वर नेऊन ठेवला, की अंदाज कमी तर कधीच निघत नाही, आणि जास्त निघाला तर फार तर दोनने. मग एक-दोनदा मागे यायचं. संगणकात पाचाने गुणायच्या जागी भाजकाचा सगळ्यात वरचा बिट १ होईपर्यंत दोन्ही संख्या डावीकडे सरकवायच्या.

आणि त्या सरकवण्यात एक खड्डा आहे. दोन तुकड्यांची संख्या डावीकडे सरकवताना खालच्या तुकड्याचे वरचे बिट वरच्या तुकड्यात यावे लागतात, म्हणजे खालचा तुकडा उजवीकडे '६४ वजा सरक' एवढा सरकवायचा. भाजक आधीच ऐसपैस असेल तर सरक शून्य, आणि उजवीकडे सरकवायचं ६४. रजिस्टराच्या रुंदीएवढं सरकवलं तर काय व्हावं हे सी सांगत नाही. एक्स८६ प्रोसेसर सरकेच्या आकड्याचे खालचे सहा बिटच बघतो, त्याला ६४ म्हणजे ० दिसतो, तो काहीच सरकवत नाही, आणि खालचा अख्खा तुकडा वरच्यावर जाऊन बसतो. ३२-बिट रजिस्टरावर ३२ ने सरकवलं तर एक्स८६ पुन्हा तसंच करतो, पण जुना ३२-बिट एआरएम शून्य देतो, जे आपल्याला हवंच असतं. म्हणजे तेच कोड मीटरमध्ये बरोबर आणि टेबलावरच्या संगणकावर चूक. तोड दोन टप्प्यांची: आधी एकाने सरकवा, मग '६३ वजा सरक' ने. शून्य असो वा त्रेसष्ट, नियम कुठेच मोडत नाही. वाचणाऱ्याला ही ओळ विचित्र वाटते, म्हणून तिच्यावर कॉमेंट लिहिली आहे. माझ्या लायब्ररीत कॉमेंट फार नाहीत.

एक्स८६-६४ ला १२८ भागिले ६४ करायचा आदेश आहे खरा, पण भागफळ ६४ बिटांत मावलं नाही तर तो थेट प्रोग्रामच पाडतो. लिनक्सवर तेव्हा पडद्यावर 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन' असं येतं. अख्ख्या प्रोग्रामात दशांशचिन्ह नसताना.

भाजकाला दोनच अंक (इथे अंक म्हणजे संख्येचा एक तुकडा) असतील तर अंदाजाची तपासणी दोन्ही अंक वापरते, त्यामुळे दुरुस्तीनंतर चूक उरत नाही. पण भाजक तीन-चार अंकी झाला, की कधीकधी तपासणीतून सुटलेला एकाचा फरक वजाबाकी झाल्यावरच कळतो, आणि भाजक परत मिळवावा लागतो. हे कितीदा होतं? साधारण दोन भागिले अंकाचा पाया (दशमानात तो १०). ३२-बिट अंक असेल तर २०० कोटींत एखाद्या वेळी. रँडम आकडे टाकून चाचणी चालवा. ती फांदी, म्हणजे भाजक परत मिळवणारा कोडचा भाग, चालली नाही आणि सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, असं अगदी सहज होतं. या हिरव्या रंगावर माझा विश्वास नाही. मी ते कोड अंकाची रुंदी बदलता येईल असं लिहिलंय. अंक चार बिटांचा केला, की पाया १६, आणि ती दुर्मीळ फांदी घडीघडीला चालते. मग रँडम कशाला, सगळेच्या सगळे भाज्य आणि सगळे भाजक टाकायचे. १६ बिटांचे भाज्य आणि ८ बिटांचे भाजक मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख जोड्या होतात. लॅपटॉपला त्यात घामही येत नाही. तीन अंकी भाजकाच्या जोड्यांना जास्त वेळ लागतो, त्या रात्रीवर टाकायच्या. मोठ्या रुंदीवर मग निवडक आकडे पुरतात: शून्य, एक, सगळे एक, फक्त वरचा बिट, आणि त्यांच्या एक मागे-पुढे.

छपाईबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १२८-बिट संख्या दशमानात ३९ अंकांपर्यंत जाते, आणि ती छापायला प्रिंटएफ या सीच्या छपाईच्या फंक्शनकडे सोय नाही. १ वर १९ शून्यं या संख्येने भागत तीन तुकडे करायचे आणि मागचे तुकडे छापताना पुढची शून्यं गाळायची नाहीत. लाख-कोटींचे स्वल्पविराम टाकणारं फंक्शन मी हौसेने लिहिलं. मीटरच्या पडद्यावर तेवढी जागाच नाही.

साइन्ड आवृत्ती मी अजून केलेली नाही. मागणी येते, कारण पाणी कधीकधी उलटंही वाहतं आणि मग आकडा वजा व्हायला हवा असं सगळ्यांना वाटतं. मी उलट्या पाण्याचा आकडा वेगळा ठेवतो, दोन्ही अनसाइन्ड, वजाबाकी ऑफिसात. वजा संख्या आल्या की सगळ्यात खालच्या वजा संख्येला अधिक जोडीदार नसतो, तिचं चिन्ह बदललं की ती काठ ओलांडते. उजवीकडे सरकवणं आणि दोनाने भागणं ही दोन वेगळी कामं होतात. सीचा भागाकार शून्याकडे झुकतो, आणि मीटरच्या हिशेबाला नेहमी खालच्या बाजूला झुकणारा लागतो. परभणीच्या पोराने मात्र हौसेने फाइल उघडली आहे, तिच्यात सध्या नुसता हेडर आहे. मी त्याला म्हटलंय, आधी वजा सात भागिले दोन याचं उत्तर आणि बाकी किती धरणार ते कागदावर लिहून आण, मग आपण बसू.